डोहात पाणी दिसत असताना

बंधाऱ्यामागे पुरुषभर पाणी असताना, प्रवाह थोडा कमी झाला म्हणून नदीतल्या किड्यांचे असे काय बिघडते, हा प्रश्न मला गावात, बैठकीत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांचा सूर बहुधा थट्टेचा असतो. त्यांना मी हसत नाही, कारण याच प्रश्नाचे अपुरे उत्तर मी एकदा सहीनिशी दिलेले आहे.

प्रवाहाच्या भरवशावर जगणारे किडे डोहात राहत नाहीत. ते खळाळात, घोटा-गुडघाभर धावत्या पाण्यात, दगड धरून असतात. ब्लॅकफ्लायची अळी मागच्या टोकाने दगडाला चिकटते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहते कण गाळून खाते. पाणी थांबले की तिचे जेवण थांबते. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या गोट्यांच्या फटीत रेशमी जाळे विणतात. वेग मंदावला की त्या जाळ्यावर गाळ बसतो आणि फटही बुजते. उथळ पाणी तापतेही लवकर, आणि 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरणारे पाणी 30 अंशांना साडेसातच धरते. डोह भरलेला दिसतो, तेव्हा खळाळ उघडा पडलेला असू शकतो.

ते सहीचे उत्तर दिले तेव्हाही हे सगळे मला पाठ होते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा तो ओढा होता; नाव लिहीत नाही. डिसेंबरात मी नमुने घेतले, पुढे वरच्या अंगाला पाणी वळवले गेले आणि फेब्रुवारीत पुन्हा घेतले. सर्बर सॅम्पलरची 30 सेंटिमीटरची चौकट तळावर टेकवायची, आतले गोटे हाताने चोळायचे, सुटलेले किडे मागच्या जाळीत वाहत जातात, ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचे. फेब्रुवारीत ट्रे वळवळत होता. चौरस मीटरमागे संख्या जवळजवळ दुप्पट भरली आणि मी अहवालात लिहिले, ‘प्रवाह घटूनही कीटकांची घनता वाढलेली आढळते.’ पुढे एका बैठकीत, आणखी पाणी वळवायला हरकत नाही हे पटवण्यासाठी, एका अधिकाऱ्याने नेमके हेच वाक्य मोठ्याने वाचले आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

घरी येऊन वही उघडली. समासात माझ्याच अक्षरात खळाळाची रुंदी होती : डिसेंबर 11 पावले, फेब्रुवारी 3. दुप्पट घनता, पण जागा जेमतेम पाव. म्हणजे किडे निम्म्यावर आले होते आणि उरलेले दाटीवाटीने बसले होते. हा गुणाकार मला कोणी करू नको म्हटले नव्हते. वाढही मुख्यतः लाल कायरोनोमिड अळ्यांची, म्हणजे कमी प्राणवायूतही तगणाऱ्या डासासारख्या माशीच्या अळ्यांची होती. धावते, प्राणवायूने भरलेले पाणी लागणाऱ्या डिसेंबरातल्या स्टोनफ्लाय फेब्रुवारीत एकाही चौकटीत नव्हत्या.

यावर माझ्यातली जुनी संशोधक अजून भांडते. घनता चौरस मीटरमागेच मांडायची रीत आहे, स्टोनफ्लाय तोवर पंख फुटून उडून गेल्या असतील, आणि आपले ओढे मे महिन्यात एरवीही आटतातच, असे ती म्हणते. तिचे शेवटचे म्हणणे मला खोडता येत नाही. फक्त मे महिन्यातले आटणे फेब्रुवारीत आणले, तर पंख फुटायला अवधी लागणाऱ्यांनी काय करायचे, याचे उत्तर तिच्याकडे नाही. माझ्याकडेही पुरते नाही.

म्हणूनच ‘मग किमान किती खोली ठेवावी’ असे कोणी विचारले की मी चिडते. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिका नदीत उतरते. सकाळच्या विसर्गावर कोलाडला राफ्टिंग चालते आणि नंतर पात्र ओसरते. काठचा गोटा रोज भिजतो, रोज वाळतो. त्यावरच्या अळीला दिवसाची सरासरी खोली सांगून काय उपयोग?

तो अहवाल मी मागे घेतलेला नाही, कारण त्यात एकही वाक्य खोटे नाही. त्यात रुंदीचा रकाना मात्र नाही.