तुम्ही विचारलंत म्हणून: थेंबातलं फूल

दवाच्या थेंबातली सदाफुली इतकी रेखीव कशी येते, फोकस नेमका कुठे करता, असं मला बरेचजण विचारतात. पाठोपाठ कॅमेरा कोणता, हेही येतंच. कॅमेऱ्यापेक्षा तो "कुठे" महत्त्वाचा आहे.

पहिला अख्खा हिवाळा मी थेंबावर फोकस करत होते. थेंबाची कडा सुरेख यायची, आतलं फूल मात्र पुसट. मग उलगडा झाला: फूल थेंबात दिसतं, पण थेंबात नसतं! गोल थेंब भिंगाचं काम करतो. मागच्या फुलाची उलटी प्रतिमा तो स्वतःच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार करतो. थेंब ३ मिलिमीटरचा असेल, तर पृष्ठभागापासून साधारण दीड-दोन मिलिमीटर अलीकडे, चक्क हवेत. तिथे पकडायला काही नसल्यामुळे ऑटोफोकस कडेवर नाहीतर गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. म्हणून तो बंद.

लेन्सवरची फोकसची रिंगही मी फिरवत बसत नाही. फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या, ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास एक आकारात, म्हणजे थेंब सेन्सरवर आहे तेवढाच उमटतो तेव्हा, एफ ८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. रिंग जरा हलली की फोकस उडतो, शिवाय थेंबाचा आकारही बदलतो. त्यामुळे आकार एकदा ठरवायचा आणि मग रिंगला हात न लावता स्वतः सरकायचं. मी अंगणात पालथी पडते, कोपरं जमिनीत रोवते. आधी कडा स्पष्ट होऊ देते. मग श्वास सोडत अंगानेच मागे येते, सुमारे ३ मिलिमीटर. कडा विरघळते आणि फूल उमटतं. हा क्षण मला फोटोपेक्षाही प्रिय आहे.

छिद्र लहान केलं की स्पष्ट भाग जाड होतो, पण कडा आणि फूल दोन्ही हवं म्हणून ते फार लहान करू नका. एकास एकला एफ १६ हे प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं आणि सगळंच मऊ पडतं. दोन फोटो घेऊन जोडा.

आणि हो, फूल पांढऱ्या सदाफुलीचं घ्या, मधोमध लाल ठिपका असलेलं. मागे येता येता मी चार-पाच फोटो घेते. ज्यात तो ठिपका काठापर्यंत स्वच्छ दिसतो, तो ठेवते.