आधी दामाई, मग आन्ना राईस

कुचिंग म्हणजे मलेशियातल्या, बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्याची राजधानी. तिथल्या सहलींचा एक क्रम ठरून गेलेला आहे. पहिल्या दिवशी दामाईचं सारावाक कल्चरल व्हिलेज, दुसऱ्या दिवशी आन्ना राईस. टूर लीडर म्हणून माझं मत आहे की घोळ इथूनच सुरू होतो.

दामाईला बिदायुह, इबान, ओरांग उलू अशा समाजांची घरं एका आवारात उभी केली आहेत. तिथली माणसं नोकरीवर असतात. हव्या त्या दारातून आत जा, हवे तितके फोटो काढा. आन्ना राईस मात्र कुचिंगपासून साधारण ६० किलोमीटरवरचं, पादावान भागातलं बिदायुह लोकांचं नांदतं गाव आहे. लांबच लांब बांबूचा ओटा सगळ्यांचा, त्यावर उघडणारं प्रत्येक दार मात्र एकेका कुटुंबाचं. फाटकाशी प्रवेश फी भरली म्हणून ती दारं आपल्याला मोकळी होत नाहीत.

यावेळच्या गटातले एक काका दार उघडं दिसलं म्हणून सरळ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेले. स्थानिक गाइडने त्यांना हळूच बाहेर आणलं. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "ही माणसं संध्याकाळी घरी कुठे जातात?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या दिवशी आम्हीच त्यांना जे दाखवलं, त्यातून दुसरा कुठला प्रश्न निघणार होता?

बाकीच्यांना पत्र्याची छपरं आणि डिश अँटेना खटकत होत्या. सगळ्यांचा ओढा बारुककडे, म्हणजे गावाच्या सभाघराकडे, कारण पूर्वी मारलेल्या शत्रूंच्या जुन्या कवट्या तिथे जाळीत ठेवलेल्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही, एवढं मी बसमध्येच बजावतो.

आभाळ भरून आलं तसा दिवसाचा नूर पालटला. ओट्यावर चटयांवर मिरी वाळत होती. मलेशियाची जवळजवळ सगळी मिरी सारावाकमध्ये पिकते. हिरवे घोस तोडून, दाणे सुटे करून तीन-चार कडक उन्हं दिली की साल काळी पडते, ती काळी मिरी. पांढऱ्या मिरीसाठी पिकलेले दाणे गोणीत भरून आठवडाभर किंवा जास्तच वाहत्या पाण्यात ठेवतात. साल कुजली की ती चोळून काढतात, दाणे धुतात आणि मग वाळवतात. अर्धवट वाळलेल्या मालावर सर आली की बुरशी धरते आणि भाव पडतो.

बायका धावल्या. गटात गुहागरचं एक जोडपं होतं, सुपारीच्या बागेत मिरीचे वेल असलेलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. चटईची चार टोकं धरून त्यांनी माल आत नेला. बाकीचे मोबाइल काढून एकाच बाजूला गोळा झाले, तेव्हा मला ओरडावं लागलं. चिरलेल्या बांबूंची ती जमीन खांबांवर, खालच्या आडव्या वाशांवर टेकलेली असते. पाणी गळून जावं म्हणून मध्ये फटी ठेवलेल्या असतात. वाशाच्या रेषेवर, एकामागे एक, अंतर ठेवून चालायचं. दोन वाशांच्या मध्ये गर्दी केली की पट्ट्या वाकतात, जुन्या असतील तर तुटतात. टाचेचे सँडल फटीत अडकतात आणि ओल्या बांबूवर रबरी तळही सरकतो.

सर ओसरेपर्यंत गुहागरच्या काकू त्या बायकांशी गाइडमार्फत बोलत बसल्या. इथे वेल बेलियनच्या टणक लाकडी खांबांवर चढवतात, आमच्याकडे सुपारीवर, असं काहीबाही चाललं होतं. मग एका बाईंनी स्वतःहून सगळ्यांना आत बोलावलं. चपला दाराबाहेर काढून आम्ही गेलो.

शाकाहारींसाठी एक सांगतो. मिदिन नावाच्या नेच्याची भाजी चविष्ट असते, पण तिच्यात बहुतेकदा बेलाचान, म्हणजे कोळंबीचं वाटण असतं. ते वगळायला आधीच कळवावं लागतं. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही.

क्रम उलटा करा, असं मी ऑफिसला लिहिलं. सेमेंगोच्या वन्यजीव केंद्रात ओरांगउटानना सकाळी ९ ते १० खाऊ घालतात आणि ते त्याच वाटेवर आहे, म्हणून दोन्ही एकाच दिवशी, असं उत्तर आलं. ते ठीकच आहे. पण तो दिवस आधी घ्यायला काय हरकत आहे? दामाई कुचिंगच्या दुसऱ्या अंगाला आहे, नंतर जाता येतं. यावर अजून उत्तर आलेलं नाही.