सोमवारचं तोणक बुधवारीही

मटण सोडून चिकन खाल्लं की पर्यावरणाचं भलं होतं, असं माझा पुतण्या सांगतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. गाय, बकरी रवंथ करतात, त्यातून मिथेन बाहेर पडतो. कोंबडीचं तसं नाही. 2018 मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची आकडेवारी एकत्र करून असाच हिशेब मांडला होता.

पण या हिशेबात जीव मोजलेले नाहीत. एका बोकडाचं दहा-बारा किलो मटण निघतं. तेवढ्यासाठी आठ-नऊ ब्रॉयलर तरी कापावे लागतात, आणि त्यांचं आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचं. वजन इतक्या झपाट्यानं वाढतं की अनेकींच्या पायांना ते पेलत नाही. फोंड्याच्या बाजारात पाय बांधून तराजूवर ठेवलेली कोंबडी मी पाहते. ती फडफडतही नाही. अंड्यांच्या कोंबड्यांचे हाल त्याहून वाईट. पिंजऱ्यात एकेकीला ए-फोर कागदाहून कमी जागा. पंख पसरणार कुठे?

मग मासे खावेत, असं इथे कोणीही म्हणेल. पण कुठले? ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं, बारकी पिल्लंही त्यात येतात. गोव्यात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलर नकोत, हे 1980 च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. त्यासाठी रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांनी, रस्त्यावर उतरून लढा दिला. तळ्यात वाढवलेल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, खाद्यात पुन्हा तारल्यांसारख्या लहान माशांचं पीठ असतं. हे मला सर्वांत जास्त खटकतं. जे तारले गरिबाच्या ताटात जायचे, त्यांचं पीठ करून दुसऱ्या जिवाला भरवायचं.

आमच्याकडे सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतंच. सासूबाईंचं अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणक, म्हणजे वाटपाची दाट उसळ, असं: धणे, मिरच्या, लवंगा तेलावर परतायच्या, कांदा-खोबरं तांबूस होईपर्यंत भाजायचं, पाट्यावर वाटायचं. मसाला सगळा शाकुतीच्याच, म्हणजे आमच्याकडच्या मटण-कोंबडीच्या रश्शाच्याच, जातीचा. त्यामुळे बुधवारीही तेच केलं, तेव्हा कोणी कुरकुरलं नाही. "मसाला नीट भाजला की मुलांना काय फरक पडतो गो," त्या म्हणाल्या.

आता घरात ब्रॉयलर येत नाही, तळ्यातली सुंगटं येत नाहीत. रविवारी रापणीचे बांगडे मिळाले तर आणतो, नाहीतर खतखतं, म्हणजे मिसळीच्या भाज्यांचा रस्सा. अंडी मात्र मुलासाठी लागतात. ती वाड्यावरच्या मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्यांची घेते. महाग पडतात, म्हणून पूर्वीपेक्षा निम्मीच आणते.