एका खणात दोन हवामानं

राहायला मी कळव्याला आणि शेड मुरबाड तालुक्यात, आजोळच्या माळावर. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, बँकेच्या फेऱ्या, 'डुकरं पाळणार? आणि तू?' हे नातेवाइकांचं पालुपद, यातलं काही लिहीत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातून मोठ्या वराहपालन युनिटला भांडवली खर्चाच्या निम्मं अनुदान मिळतं. आमचं युनिट त्यात बसण्याइतकं मोठं नव्हतं, विषय संपला. सांगायचंय ते एका मादीच्या पहिल्या वेताबद्दल. कारण या धंद्यात मादीला किती पिल्लं झाली याला फारसा अर्थ नाही, दुधावरून किती तोडली यावर सगळा जमाखर्च.

मादी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची. पहिला माज सोडून दिला. आठ महिने पूर्ण आणि वजन शंभर किलोच्या वर गेल्याशिवाय नर दाखवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माज साधारण 21 दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस टिकतो. योनीचा भाग सुजतो, लाल होतो, खाण्यावरचं लक्ष उडतं, पण हे सगळं फसवं. पाठीवर दोन्ही हातांनी भार द्यायचा. माजावर नसेल तर केकाटत पुढे पळते. असेल तर कान टवकारून जागची हलत नाही. ती अशी उभी राहिली की साधारण बारा तासांनी नर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. आमचा नर लागला जानेवारीत, म्हणजे वेत येणार ऐन मे महिन्यात. हिशोब लगेच लक्षात आला होता, पण पहिला हप्ता डोक्यावर असताना आणखी एक माज सोडणं परवडणार नव्हतं.

मधल्या काळात मादीचं काम कमी आणि फाटकाचं जास्त. आफ्रिकन स्वाइन फिव्हर 2020 मध्ये देशात पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात सापडला. माणसाला त्याचा धोका नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही आणि अख्खी शेड रिकामी करावी लागते. तो पसरवायला हॉटेलातून आलेला, नीट न शिजलेला डुकराच्या मांसाचा एक तुकडाही पुरतो. ठाण्या-वाशीच्या हॉटेलांचं उरलेलं अन्न आणलं तर खाद्याचा खर्च झपकन खाली येतो, हे मलाही कळतं. ते चांगलं उकळून घातलं तर चालतं म्हणतात. पण रोज पहाटे कोण, किती वेळ उकळणार, आणि ते कोण बघणार? मका, सोयापेंड, तांदळाचा कोंडा आणि क्षार-मिश्रण यावरच राहिले. शेडचे गमबूट शेडमध्येच, दारात चुन्याचा पट्टा, आणि खरेदीदाराचा टेम्पो कुंपणाबाहेर. एका खरेदीदाराला हे इतकं झोंबलं की त्याने आमच्याकडे येणंच बंद केलं. बरं झालं, त्याचा वजनकाटाही संशयास्पदच होता.

विण्याच्या दोन आठवडे आधी जंताचं औषध. आठवडाभर आधी साबण लावून तिला आंघोळ घातली, सड आणि पोट घासून स्वच्छ केलं आणि विण्याच्या खणात हलवलं. खरी डोकेदुखी इथून सुरू झाली.

डुकराला म्हणण्यासारखा घाम येत नाही. मादीला वीस-बावीस अंश बरे वाटतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला हवेत बत्तीस-चौतीस. आणि दोघांना राहायचंय एकाच खणात, मुरबाडच्या मे महिन्यात, जिथे दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. सोपा उपाय म्हणून अख्खी शेड गार केली तर पहाटे पिल्लं गारठतात, आणि गारठलेलं पिल्लू ऊब शोधत आईच्या अंगाखाली शिरतं. आई आडवी होते. विल्यानंतरची बहुतेक मरतूक ही अशी, चिरडून. शेड तशीच ठेवली तर मादी धापा टाकते, खाणं सोडते, दूध आटतं.

मग खणाचे दोन भाग केले. पत्र्यावर भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर पाणी. मादीच्या मानेवर ठिबकच्या नळीने थेंब थेंब पाणी पडेल अशी सोय, आणि समोर पंखा. कोपऱ्यात लाकडी खोका, त्यात कोरडा पेंढा आणि वर बल्ब. पिल्लू आत जाईल, आई जाणार नाही एवढीच वाट. भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर लोखंडी पाइप फिरवला, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे पिल्लाला जागा राहते. मादीला जखडून ठेवणारा पिंजरा करा, असं आम्हाला मादी विकणाऱ्याने सांगितलं होतं. नाही केला. विण्याआधी तिला पेंढा ओढून घर करायचं असतं, गोल फिरायचं असतं, ते तिला करू द्यावं असं माझं मत. त्यापायी एखादं पिल्लू जास्त जाईल, हेही मान्य.

सडाला दूध आलं की चोवीस तासांच्या आत विते. ठाकरवाडीतल्या मावशी शेडवर कामाला आहेत, गाई-शेळ्यांची बाळंतपणं केलेल्या. त्यांनी संध्याकाळी सड पिळून पाहिला आणि म्हणाल्या, "ताय, आज झोपायचा नाय." पहिलं पिल्लू मध्यरात्रीनंतर आलं. मग पंधरा-वीस मिनिटांनी एकेक. प्रत्येकाचं नाक-तोंड जुन्या साडीच्या फडक्याने पुसायचं, नाळ दोऱ्याने बांधून कापायची, टोकाला आयोडीन, आणि लगेच सडाला. पिल्लाला पोटात आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे मिळतं ते चिकातून, आणि तोही पहिल्या काही तासांतच कामी येतो. एकूण दहा झाली. सातव्यानंतर बराच वेळ ती कळा देत राहिली आणि काहीच येईना. तासाभराच्या वर वाट बघू नका असं सांगून ठेवलेलं, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते गाडी काढेपर्यंत आठवं आलं, उलटं, पायाकडून, पण जिवंत.

वार, म्हणजे पिल्लांभोवतीचं वेष्टण, पडली, ती लगेच उचलून चुना घालून पुरली. पुढचे दोन-तीन दिवस म्हणजे सडांची भांडणं. प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवतं आणि मग तो सोडत नाही. पुढच्या सडांना दूध जास्त, तिथे दांडगटांची वर्णी. सगळ्यात लहान पिल्लाला आम्ही मुद्दाम पुढे लावत राहिलो. सुळ्यांसारखे आठ दात कापण्याचा रिवाज आहे, आईच्या सडाला जखमा दिसल्या तरच कापायचे असं ठरवलं आणि वेळ आली नाही. शेपट्या तर नाहीच कापल्या. नर पिल्लांचं खच्चीकरण मात्र केलं, मांसाला वास येतो म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. डॉक्टरांकडून, वेदनाशामक देऊन.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, 200 मिलिग्रॅम. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं आणि दुधातून जेमतेम एक मिळतं. मातीत उकरणारं पिल्लू ते जमिनीतून घेतं, सिमेंटवरच्याला कुठून मिळणार? न दिल्यास पांढरीफटक पडतात.

त्याच संध्याकाळी आई पोटावर पालथी पडून राहिली, पिल्लांना सड देईना. सड कडक, ताप. बाळंतपणानंतर दूध अडतं तेच. डॉक्टरांनी तापाचं, प्रतिजैविकाचं आणि पान्ह्याचं इंजेक्शन दिलं, आणि सकाळपर्यंत पिल्लांना पातळ केलेलं शेळीचं दूध बाटलीने पाजलं. दहातलं एक त्या रात्री गेलं, ते लहानच होतं. दुसरं चिरडून, पाइप असूनही. आठ राहिली.

सहा आठवड्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर, ती दुधावरून तोडली. तोडताना पिल्लांना तिथेच ठेवलं आणि आईला हलवलं, ओळखीच्या जागेत ती कमी बावरतात. पुढे दोन महिन्यांची झाल्यावर क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस, हा आफ्रिकनपेक्षा वेगळा रोग.

आई पाचव्या दिवशी माजावर आली, नर दाखवला, आणि 21 दिवसांनी पुन्हा माजावर. दोष तिचा नव्हता. कडक उन्हाळ्याचा फटका नराला बसला की त्याचं वीर्य पुढे पाच-सहा आठवडे कमकुवत राहतं, आणि आम्ही पंखा, पाणी, पेंढा सगळं मादीच्या खणात लावलेलं, नर मात्र पश्चिमेच्या उन्हात. दुसऱ्या खेपेला गाभण राहिली. वेत ऑक्टोबरच्या अखेरीस येईल, आणि नराच्या खणावर आता हिरवी जाळी आणि दुसरी ठिबकची नळी आहे.