उलटा ‘सुलतान’

नेरूळहून ठाण्याला जाताना मी शक्यतो उजवीकडची खिडकी धरते. तुर्भे मागे पडलं की ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीतल्या कंपन्या आणि सगळ्यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर दिसत राहतो. या रविवारी मात्र डोंगराकडे लक्ष नव्हतं. ज्यांच्याकडे निघाले होते ते काका पूर्वी पाट्या रंगवायचे, आता स्वतः पुस्तकं छापतात. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "रबाळ्यात बघ, पिवळ्या भिंतीवर निळी अक्षरं आहेत. माझ्या हातची तिकडे तेवढीच उरलीयत." रबाळे आलं, गेलं. अक्षरं काही सापडली नाहीत.

ठाण्याला उतरून जांभळी नाक्यावरून तलावपाळीला आले. कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि चरईकडे वळले. काकांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या खोलीत संसार. दारातच शाईचा आणि रॉकेलचा वास. काकूंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "बस गं, हात धुवून येतायत. नाहीतर तुझ्या ओढणीला काळं लागेल."

काका राजापूरकडचे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. पुढे आर्ट स्कूलला जायचं, तर घरची परिस्थिती नव्हती. ठाण्यात येऊन एका पेंटरकडे ब्रश धुण्यापासून सुरुवात केली. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळकुटं, कंपन्यांची गेटं, सगळं रंगवलं. १९७८ साली गडकरी रंगायतन सुरू झालं, तेव्हा नाटकांच्या नेपथ्याची फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरच्या उभ्या चौकटी, रंगवायला मिळाली. रात्री प्रयोग संपल्यावर काम सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. मग लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग. फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम बसलं. पाट्या रंगवणारे कितीतरी हात त्या काळात रिकामे झाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांनी मात्र त्याच सुमारास एका बंद पडलेल्या छापखान्यातलं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस विकत घेतल्या. सगळे ऑफसेट या नव्या छपाईकडे गेले होते, त्यामुळे लोखंडाच्या भावात मिळालं. कारण विचारलं तर त्यांनी कपाटातून ‘दीपावली’ या नियतकालिकाचे जुने अंक काढले, रद्दीतून एकेक जमवलेले. "दीनानाथ दलाल चित्रकार होते ना? १९४५ साली स्वतःचा अंक काढला त्यांनी. चित्रं त्यांची, अंकही त्यांचाच. मुखपृष्ठ कसं हवं हे सांगणारा वर कोणी नाही." त्याआधी एका प्रकाशकानं काकांची चित्रं छापली होती, पण पुस्तकावर त्यांचं नावच नव्हतं. ते सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला.

मग ते स्वतः पुस्तक कसं तयार करतात ते त्यांनी मला दाखवलं. हा भाग मी कधी विसरणार नाही. लिनोलियमचा, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या जाड शीटचा तुकडा, व्ही आकाराचं कोरणं. जे कागदावर पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं, उरलेल्यावर शाई बसते. लिनो लाकडावर चिकटवून बरोबर खिळ्यांच्या उंचीला आणला की चित्र आणि मजकूर एकाच दाबात उमटतात. उंची कमी पडली तर चित्राच्या पाठीला कागदाचा कपटा लावायचा. काका नखानं चाचपून सांगतात, कपटा एक हवा की दोन.

त्यांचं पहिलं पुस्तक ठाण्याच्या आगगाडीचं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे आणि त्यांना ओढणारी तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. पानं ३२, प्रती ३००. एका वेळी दोनच पानं छापता येतात, म्हणजे सोळा वेळा मशीन लावायचं आणि एकूण ४८०० दाब. एक अख्खा पावसाळा गेला. घड्या घालून दोऱ्यानं शिवण काकूंनी घातली. आयएसबीएन क्रमांकाला सरकार पैसे घेत नाही हे कळल्यावर काकांनी तोही मिळवला. तेरा आकडे त्यांना पाठ आहेत.

भिंतीवर एक छाप चौकटीत लावली आहे. इंजिन सुरेख, धूर सुरेख आणि नाव आरशात पाहिल्यासारखं उलटं. तीन रात्री कोरून झालेल्या ब्लॉकवर ‘सुलतान’ सुलटा कोरला गेला होता. छापताना तो उलटा येणारच. "खिळे उलटेच असतात, हे रोज हाताळून ठाऊक होतं. तरी हात चुकला," काका म्हणाले. दुसरा ब्लॉक करायला आणखी तीन रात्री लागल्या. पहिला त्यांनी टाकला नाही.

जेवल्याशिवाय काकूंनी सोडलं नाही. मी दोन प्रती घेतल्या. एक माझ्यासाठी आणि दुसरी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासाठी. १८९३ पासून पुस्तकं सांभाळणाऱ्या त्या संस्थेत हे पुस्तक असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "तूच दे नेऊन, मला संकोच वाटतो."

परतीच्या गाडीत डावीकडे बसले. रबाळे सुटता सुटता दोन शेडच्या मधल्या फटीतून पिवळी भिंत दिसली. अर्धी झाडानं झाकलेली. वरची अक्षरं पुसट झाली होती, पण शेवटच्या ‘ळ’ची गाठ अजून निळीशार होती.