जे दिसले ते सांगितले, म्हणून

मावळायचे नावच न घेणाऱ्या सूर्याखाली, अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभा राहून जेरन कॅम्पानेला हा अमेरिकन यूट्यूबर आपले चुकले असे कबूल करतो, तो डिसेंबर २०२४ मधला व्हिडिओ आज पाहिला आणि मन अस्वस्थ झाले.

पृथ्वी सपाट आहे, असे तो वर्षानुवर्षे सांगत आला होता. सपाट पृथ्वीच्या प्रचलित नकाशात अंटार्क्टिका म्हणजे कडेने पसरलेली बर्फाची भिंत, त्यामुळे तिथे २४ तास सूर्य दिसणे शक्यच नाही. नेमके हेच तपासण्यासाठी कोलोरॅडोतील पाद्री विल डफी यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना अंटार्क्टिकातील युनियन ग्लेशियर या हिमनदीवर नेले होते.

मला खरे बोचले ते त्याचे पुढचे बोलणे. एवढे सांगितल्यावर आपलीच माणसे आपल्याला विकला गेलेला म्हणतील, हे त्याने तिथेच सांगून ठेवले. आणि तसेच झाले. चित्रण स्टुडिओतले आहे, हा फितूर झाला आहे, असे कालपर्यंतचे सोबती म्हणू लागले.

प्रत्येक पुरावा शत्रूनेच पेरलेला असतो, असे एकदा मानले की पुरावा घेऊन येणारा आपला माणूसही शत्रूचाच हस्तक ठरतो. मग संशयाला बाहेरचे कोणी लागत नाही. या चळवळींत कित्येकांना मैत्री आणि आधार मिळालेला असतो, म्हणून हे अधिकच क्लेशकारक वाटते.

त्यांच्यातल्या आणखी कोणाच्या मनात शंका आली, तर ती तो आता कोणाजवळ बोलून दाखवेल?