मुलं रडत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रडतात. मोठा पाच वर्षांचा आहे, तो फुगून बसतो. धाकटी दीड वर्षाची, ती दारापर्यंत येऊन भोकाड पसरते. आणि तरी आम्ही जातो. "एवढी लहान मुलं घरी ठेवून रात्री पार्टीला कसं काय जमतं तुला?" हे भिशीत, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच. (नवऱ्याला अजून कुणी विचारलेलं नाही.)

सल्ला देणारेही असतात. म्हणे तिला खेळात गुंतवा आणि हळूच सटका. मला ते पटत नाही. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुलांना उमगायला लागतं की आई दिसत नाही म्हणजे ती कुठेतरी गेलीय. गेलेली आई परत येते, हे मात्र पुन्हापुन्हा अनुभवूनच पटतं. गुपचूप गेलं की पुढचे चार दिवस धाकट्या बाई पदर सोडत नाहीत, बाथरूमच्या दाराशी पहारा. म्हणून सांगून जायचं, पापा घ्यायचा, टाटा करायचा आणि चप्पल घातल्यावर पुन्हा आत वळायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आम्ही इंदूरच्या पलासिया चौकातल्या सिग्नललाही पोचत नाही तोवर सासूबाईंचा फोटो येतो, त्यात धाकटी शेवेचा डबा उघडून बसलेली.

पार्टी म्हणाल तर विजयनगरच्या कुठल्यातरी हॉटेलचा हॉल, कुणाची तरी चाळिशी, कानठळ्या बसवणारा डीजे. फार सांगण्यासारखं काही नाही. पण मी खुर्चीवर बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, गरम जेवते. नवरा एखादी गोष्ट सुरू करतो आणि ती संपवतोसुद्धा. हा माणूस इतका गप्पिष्ट आहे, हे मधल्या काळात मी विसरलेच होते.

खरी मजा त्यानंतर, सराफ्यात. राजवाड्याजवळच्या या गल्लीत दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री त्यांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी उतरत नाहीत. गर्दीमुळे दुकानांची आपसूक राखण होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं जुने लोक सांगतात. मला विचाराल तर ही सोय लहान मुलांच्या आईबापांसाठीच केलेली आहे. मुलं झोपतात त्या वेळेला बाकीच्या शहरांत स्वयंपाकघरं आवरायला घेतात, इंदुरात तेव्हा कुठे तेल तापतं. पार्टीत जेवूनसुद्धा आम्ही भुट्ट्याचा कीस घेतोच. किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवलेला, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. थंडी असेल तर गराडू नावाचा कंद, तळून, वर जिरावण मसाला भुरभुरून. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते मी अजूनही तोंड उघडं टाकून बघते. कडेवर मूल असताना त्या कढयांच्या गर्दीत पाऊल टाकायची माझी छाती नाही.

आता तुम्ही न विचारलेलं, पण ज्यावर हे सगळं चालतं ते. मुलांना आई, म्हणजे सासूबाई, सांभाळतात, पण फुकट नाही. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असलं की त्या दिवशी त्यांना कुणी काही मागायचं नाही: चहा नाही, मुलं नाहीत, "आई, किल्ली कुठंय?" नाही. त्या दुपारपासून तयार होतात, मैत्रिणींबरोबर जातात, आल्यावर तासभर नाटकाची चिरफाड करतात, आणि ती आम्ही ऐकायची. सौदा वाजवी आहे. एकदा त्या निघताना धाकटीने त्यांच्यासाठीही तसंच भोकाड पसरलं. आईंनी पापा घेतला, टाटा केला आणि मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या पार्टीचं आमंत्रण नेमकं नाटकाच्या रविवारी आलंय. आम्ही येत नाही म्हणून कळवून टाकलं.